गाडी ठणठणीत, नेटवर्क मात्र बंद

अमेरिकेत 22 फेब्रुवारी 2022 रोजी एटी अँड टी कंपनीने आपलं थ्रीजी नेटवर्क कायमचं बंद केलं. बातम्यांत चर्चा झाली ती मुख्यतः जुन्या मोबाइलची. पण त्याच दिवशी कित्येक मोटारींचाही संपर्क तुटला. टायर चांगले, मोटर चांगली, बॅटरी भरलेली. फक्त डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या मोडेमला बोलायला टॉवर उरला नाही.

पेट्रोलच्या गाडीत मोडेम निकामी झालं तर गैरसोय होते, इतकंच. इलेक्ट्रिक गाडीत नुकसान त्याहून मोठं असतं. निसान लीफचंच बघा. डिसेंबर 2010 मध्ये विक्रीला आलेल्या या गाडीत 24 किलोवॉट-तासांची बॅटरी होती आणि अमेरिकी सरकारी मोजमापानुसार ती एका चार्जमध्ये 73 मैल, म्हणजे साधारण 117 किलोमीटर जायची. पेट्रोलच्या इंजिनातून आयती मिळणारी उष्णता इथे नसते, त्यामुळे थंडीत हीटरही याच बॅटरीवर चालतो. म्हणून निसानने सुरुवातीपासून एक सोय दिली होती. गाडी घरच्या प्लगला लावलेली असतानाच मोबाइलवरून हीटर चालू करायचा, घरच्या विजेवर केबिन गरम करून घ्यायची आणि बॅटरी प्रवासासाठी राखून ठेवायची. काचेवरचं बर्फ खरवडत बसायचंही टळायचं. चार्जिंग कुठवर आलं, मध्येच थांबलं तर नाही ना, हेही घरात बसून कळायचं. कमी पल्ल्याच्या गाडीत ही चैन नव्हती. हिवाळ्यात कामावर जाऊन परत येता येईल की नाही, हे त्यावर ठरू शकत होतं.

हा सगळा व्यवहार टूजीवर चालायचा. एटी अँड टीने 2016 संपताच टूजी बंद केलं. तेव्हा 2011 ते 2015 च्या लीफसाठी थ्रीजीचं नवं युनिट 199 डॉलरला बसवून द्यायची तयारी निसानने दाखवली. ज्यांनी पैसे भरले, त्यांना जेमतेम पाच वर्षं मिळाली. 2022 मध्ये थ्रीजीही गेलं, आणि या वेळी त्या गाड्यांसाठी फोरजीचं युनिट आलं नाही. ब्रिटनमध्ये मे 2016 पूर्वीच्या लीफचं आणि ई-एनव्ही200 व्हॅनचं ॲप निसानने एप्रिल 2024 मध्ये बंद केलं. कारण दिलं ते टूजी गुंडाळलं जाण्याचं. तिथल्या मोबाइल कंपन्यांनी टूजी बंद करण्यासाठी सरकारशी ठरवलेली शेवटची मुदत मात्र 2033 ची आहे. टॉवर चालू असताना सेवा काढून घेणं ग्राहकाने का मान्य करावं, याचं पटण्यासारखं उत्तर मिळत नाही.

मोबाइल कंपन्यांची बाजू समजण्यासारखी आहे. हवेतल्या लहरींचे पट्टे मोजके आणि महाग असतात. मूठभर जुन्या उपकरणांसाठी एक पट्टा अडवून ठेवण्यापेक्षा तोच फोरजी-फाइव्हजीला दिला, तर कितीतरी जास्त डेटा वाहून नेता येतो. टूजी 1991 मध्ये आलं, थ्रीजी 2001 मध्ये, फोरजी 2009 मध्ये आणि फाइव्हजी 2019 मध्ये. दर आठ-दहा वर्षांनी नवी पिढी येत गेली. मोटार त्याहून जास्त टिकते. गाडी बनवणाऱ्यांना हे गणित ठाऊक असायला हवं होतं, कारण त्यांनी हा फटका आधी खाल्ला होता. अमेरिकेतलं जुनं ॲनालॉग नेटवर्क फेब्रुवारी 2008 मध्ये बंद झालं, तेव्हा जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांमधली ‘ऑनस्टार’ सेवा अशीच गेली होती.

मग फक्त सिम का बदलत नाहीत? फोनमध्ये ते जमतं, कारण फोनचं मोडेम नवं असतं. गाडीत सिम बहुधा सर्किट बोर्डावर डाग देऊन पक्कं केलेलं असतं आणि कुठली लहर ऐकू यायची हे रेडिओ चिप ठरवते. थ्रीजीच्या चिपला फोरजीचा टॉवर ऐकूच येत नाही. ई-सिममुळे दुरूनच मोबाइल कंपनी बदलता येते, पिढी बदलता येत नाही. शिवाय मोडेम एकटं काम करत नाही. छतावरचा अँटेना नव्या पट्ट्यांना चालला पाहिजे, मोडेमची ओळख मोबाइल कंपनीकडे नोंदवलेली हवी, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरने ते आपलं म्हणून स्वीकारलं पाहिजे, आणि गाडीच्या आतल्या संगणकांशी बोलायचं सॉफ्टवेअरही जुळलं पाहिजे. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनच्या आवाक्यातलं हे काम नाही.

तरीही ते होऊ शकतं, हे टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस गाड्यांनी दाखवलं. 2012 पासून 2015 च्या मध्यापर्यंत या गाड्या थ्रीजी मोडेम घेऊन बाहेर पडल्या. मोडेम होतं 17 इंची पडद्यामागच्या संगणकात, पण वेगळ्या छोट्या बोर्डावर. त्यामुळे अख्खा संगणक न बदलता तेवढा बोर्ड काढून फोरजीचा बसवता आला. थ्रीजी बंद व्हायच्या सुमाराला टेस्ला त्याचे 200 डॉलर घेत होती. ज्यांना ते नको होते, त्यांना गाडी घरच्या वायफायला किंवा खिशातल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडता येत होती. पण हॉटस्पॉट मालकाबरोबर उतरून जातो. दूरच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीची खबर हवी असेल, तर गाडीला स्वतःचंच कनेक्शन लागतं.

ज्यांना कंपनीने वाऱ्यावर सोडलं, त्यांच्यापैकी काहींनी स्वतःच वाट काढली. ‘ओपन व्हेइकल मॉनिटरिंग सिस्टीम’ हा खुला प्रकल्प 2011 च्या सुमारास टेस्ला रोडस्टरच्या मालकांनी सुरू केला आणि पुढे लीफसह अनेक इलेक्ट्रिक गाड्यांपर्यंत पोहोचला. हातात मावेल एवढी डबी, तिची वायर स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये, एक अँटेना आणि आपल्या पसंतीचं सिम. डबी गाडीच्या आतले संदेश वाचते आणि चार्ज किती आहे ते मालकाच्या मोबाइलवर कळवते. काही गाड्यांत हीटरही चालू करते. जुन्या टूजी डब्या या प्रकल्पालाही मागे टाकाव्या लागल्या. मात्र तिसऱ्या आवृत्तीत मोडेमचा बोर्ड सुटा ठेवला होता, त्यामुळे थ्रीजीवरून फोरजीवर जाताना मोडेम तेवढं बदललं आणि डबी तीच राहिली. मोठ्या कारखान्यांनी शिकण्यासारखी गोष्ट इथे स्वयंसेवकांनी करून दाखवली आहे.

युरोपात हा प्रश्न थेट जिवाशी येऊन भिडतो. 31 मार्च 2018 पासून तिथे नव्या मॉडेलच्या प्रत्येक मोटारीत ‘ई-कॉल’ सक्तीचा आहे. अपघातात एअरबॅग उघडली की गाडी आपणहून 112 ला फोन लावते आणि आपलं ठिकाण कळवते. हा फोन टूजी-थ्रीजीवर बेतलेला होता. आता फोरजी-फाइव्हजीवर चालणाऱ्या नव्या ई-कॉलचे नियम झाले आहेत, पण ते नव्या गाड्यांसाठी. रस्त्यावर आधीपासून असलेल्या गाड्यांचं काय करायचं, हा प्रश्न जुनं नेटवर्क बंद करणाऱ्या प्रत्येक देशापुढे आहे.

भारतात हे अजून अंगावर आलेलं नाही. एअरटेलने थ्रीजी गुंडाळलं पण टूजी ठेवलं. जिओकडे टूजी कधी नव्हतंच, आणि देशातलं टूजी-थ्रीजी बंद करावं अशी मागणी ती उघडपणे करते. इथल्या इलेक्ट्रिक गाड्यांची जोडणी बहुतांशी फोरजीवर आहे आणि चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 सारख्या गाड्या फाइव्हजीची सोय घेऊन आल्या आहेत. त्यामुळे निदान काही वर्षं तरी घोर नाही. पण आज घेतलेली गाडी 2040 मध्येही रस्त्यावर असू शकते, आणि शोरूममध्ये चौकशी होते ती पल्ल्याची, किमतीची, फार तर बॅटरीच्या वॉरंटीची. त्यात आणखी काही प्रश्न घालायला हवेत. डेटाची फुकट मुदत किती आणि पुढे वर्षाला काय पडेल? मोडेम वेगळं बदलता येतं की अख्खा पडदा घ्यावा लागेल? कनेक्शन गेलं तर चार्जिंगची वेळ गाडीच्याच पडद्यावरून लावता येईल का? सॉफ्टवेअरचं अपडेट घरच्या वायफायवर उतरेल का? विक्रेत्याकडे उत्तर नसेल, तर ते कंपनीकडून लेखी मागवून घ्यावं आणि बुकिंगची रक्कम त्यानंतरच भरावी.