बोट स्थिर, बंदूक धावते

नायगावच्या शिवारात रात्री रानडुकरं शिरली की सकाळी सोयाबीनकडं बघवत नाही. राखणीला बसलेला माणूस आरोळ्या ठोकतो, पत्र्याचे डबे बडवतो. त्याला बंदूक हवी असेल तर? १९५९चा शस्त्र कायदा उघडा, कलम १३ काढा. पिकाच्या राखणीसाठी तिथं चक्क ठासणीच्या बंदुकीचं नाव आहे! (डुक्कर मारायला वन खात्याची परवानगी लागते, ती भानगड निराळी.) नळीत दारू ओता, गजानं ठासा, छर्रे टाका, पुन्हा ठासा, टोपी बसवा, मग चाप ओढा. दुसरा बार भरेपर्यंत डुकरं शेजारच्या वावरात पोचलेली असतात. मला तर वाटतं, कायद्याला तिचा हा संथपणाच आवडला असावा.

आता त्याच कायद्याचं कलम २ बघा. चाप दाबल्यावर, दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटतच राहतील अशी बनवलेली किंवा तशी बदललेली बंदूक म्हणजे निषिद्ध शस्त्र. कोणत्या कंपनीची, कोणत्या देशातली, काही विचारणं नाही. कायदा बघतो तो फक्त बोट आणि चाप यांचा संबंध! १९९३च्या मुंबई स्फोटांच्या खटल्यात संजय दत्तला भोवली ती एके-५६ याच जातीची. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची ६ वर्षांची शिक्षा ५ वर्षांवर आणली. २०१९च्या दुरुस्तीनंतर तर असं शस्त्र नुसतं बाळगलं तरी किमान ७ वर्षं.

पण एवढ्या नेमक्या शब्दांनाही कुणी चकवू शकेल का?

अमेरिकेत चकवलं. तिथला १९३४चा कायदा म्हणतो, चापाच्या एका क्रियेत एकाहून जास्त गोळ्या आपोआप सुटल्या तर ती मशीनगन. अर्धस्वयंचलित रायफल या व्याख्येत बसत नाही. गोळीच्याच जोरावर रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवं आत येतं, पण घोडा एका बारक्या खटक्यात अडकून बसतो. चाप सोडून पुन्हा ओढला तरच तो सुटतो.

मग कुणीतरी 'बंप स्टॉक' काढला. खांद्याला टेकायचा दस्ताच असा की त्यात रायफल मागं-पुढं सरकते. गोळी सुटली की धक्क्यानं रायफल मागं जाते, चाप बोटापासून सुटतो. पुढचा हात तिला पुढं रेटतच असतो, त्यामुळं चाप परत बोटावर येऊन आदळतो. दारावरची बेल आपण बोटानं वाजवतो ना? इथं बोट जागेवर आणि बेलच बोटावर आपटत राहते! २०१७मध्ये लास वेगासला असे दस्ते लावलेल्या रायफलींतून दहाएक मिनिटांत हजारावर गोळ्या सुटल्या. ६० माणसं गेली.

अमेरिकेच्या केंद्र सरकारनं नियम करून ही युक्ती मशीनगनमध्ये मोजली. १४ जून २०२४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी तो नियम रद्द केला. कारण काय? चाप दर गोळीला नव्यानं ओढला जातोच ना!

राज्यांचे कायदे मात्र उरले. त्यात फ्लोरिडाचा २०१८चा कायदा मला भारी वाटतो. त्यानं मोजपट्टी म्हणून काय घेतलं? माणसाचं उघडं बोट! कुठल्याही जोडणीशिवाय माणूस जितक्या झपाट्यानं गोळ्या झाडू शकेल, त्याहून वेग वाढवणारी वस्तू बेकायदा.

आपल्याकडं हा दस्ता आला तर? शब्दशः पाहिलं तर तो आपल्याही व्याख्येतून निसटू बघेल, कारण चापावरचा दाब दर गोळीला क्षणभर निघतोच. पण त्याला बसायला अर्धस्वयंचलित रायफल हवी आणि आपल्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीनं तीच निषिद्धांच्या रांगेत नेऊन ठेवली आहे. राहता राहिली नायगावच्या राखणदाराची बंदूक. तिला तो दस्ता लावून बघा. बार उडेल, धक्क्यानं नळी मागं येईल, चाप पुन्हा बोटावर आदळेल आणि आत काहीच नसेल. घ्या गज, ओता दारू.