नरक्याची तोड आणि कर्करोगाचे औषध

राधानगरी, गगनबावडा, आंबा आणि दक्षिणेकडे आजरा-चंदगड असा सह्याद्रीचा जो जंगलपट्टा कोल्हापूर जिल्ह्याच्या वाट्याला आला आहे, त्यात नरक्या नावाचे एक लहानसे झाड आढळते. पावसाळ्यात त्याला फिकट पिवळसर फुले येतात आणि त्यांचा वास असा की, जवळून जाणाऱ्याने नाक दाबावे. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्याच्या लॅटिन नावात ‘दुर्गंधी’ हेच विशेषण घातले होते. इमारती लाकडात त्याची गणना नाही. तरीही गेल्या काही दशकांत कोल्हापूर, सातारा व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावर चोरटी तोड झाली ती सागाबरोबर या नरक्याची. या तोडीच्या मुळाशी एक मोठे वैद्यकीय संशोधन आहे.

या संशोधनाचा एक धागा महाराष्ट्राशीच जुळलेला आहे. नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. तेथे मन्रो वॉल यांच्यासमवेत त्यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. या वृक्षाला चिनी लोक आनंदवृक्ष म्हणतात. पुढे १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडले. एकाच द्रव्याच्या दोन झाडांपैकी एकाच्या नावात आनंद आणि दुसऱ्याच्या नावात नरक! नावे ठेवणाऱ्यांना औषधी गुणांची कल्पना नव्हती, एवढाच याचा अर्थ.

हे द्रव्य करते काय? पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील डीएनएच्या दुपेडी दोराची नक्कल व्हावी लागते. नक्कल होताना दोराला पीळ बसतो. तो सोडविण्यासाठी टोपोआयसोमरेझ नावाचे विकर दोराचा एक पेड क्षणभर कापते, पीळ मोकळा होऊ देते आणि पेड पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके या कापलेल्या जागी जाऊन बसते आणि सांधा जुळू देत नाही. नकलेचे काम तेथवर येऊन पोहोचले की दोर पुरता तुटतो व पेशी मरते. ही यंत्रणा १९८५ साली उलगडली. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असल्याने त्यांच्यावर या द्रव्याचा आघात अधिक होतो. परंतु अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर यांच्या पेशीही वेगाने दुभंगतात, त्यामुळे त्यांनाही तो सोसावा लागतो.

म्हणूनच हे औषध रुग्णांपर्यंत सुखासुखी पोहोचले नाही. सत्तरीच्या प्रारंभी त्याचे विद्राव्य रूप रुग्णांवर वापरून पाहिले गेले, तेव्हा मूत्राशयातील रक्तस्रावासारखे दुष्परिणाम इतके तीव्र झाले की चाचण्या थांबवाव्या लागल्या. मूळ रेणूत फेरफार करून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधे सिद्ध झाली. १९९६ साली अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात ती आज वापरली जातात. नरक्याची साल उगाळून देण्याचा सल्ला देणाऱ्यांनी त्या थांबलेल्या चाचण्यांचा इतिहास जरूर ध्यानात घ्यावा. झाडात औषध आहे याचा अर्थ झाड हेच औषध, असा होत नाही.

हा रेणू प्रयोगशाळेत संपूर्णपणे घडविता येतो. परंतु तो मार्ग लांबचा व खर्चाचा असल्याने कारखाने आजही झाडावरच विसंबतात. वाळलेल्या लाकडात हे द्रव्य सामान्यतः हजारात एक ते तीन भाग इतकेच असते. एक किलो द्रव्यासाठी किती झाडे आडवी होत असतील याचा हिशेब कोणीही करावा. त्यातून मुळांतही ते असल्याने झाड बुंध्यापाशी न तोडता मुळासकट खणून काढले जाते. बुंधा राहिला तर धुमारे फुटतात. मूळच गेल्यावर काय फुटणार? जंगलात राबणाऱ्याला या लाकडाचे वजनावर मिळतात ते थोडे रुपये. पकडला गेला तर खटलाही त्याच्यावरच. लाकूड पुढे कोणत्या वखारीतून कोणत्या कारखान्यात गेले, याचा माग मात्र क्वचितच शेवटपर्यंत लागतो.

यावर उपाय नाही असे नाही. वाणी आणि वॉल यांचेच दुसरे द्रव्य, टॅक्सॉल, अमेरिकेतील यू वृक्षाच्या सालीतून मिळाले आणि साल सोलून झाडे मरू लागली. तेव्हा युरोपातील यू वृक्षाच्या पानांतून मिळणाऱ्या दुसऱ्या एका रेणूपासून ते घडविण्याची रीत रसायनशास्त्रज्ञांनी काढली. पाने खुडली तरी झाड पुन्हा पालवते. नरक्याच्या पानांतही कॅम्प्टोथेसिन असते, लाकडापेक्षा कमी. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी द्रवात वाढवून हे द्रव्य मिळविण्याचे प्रयोग झाले. झाडाच्या सालीत राहणारी एक बुरशीही ते तयार करते, असे २००५ साली भारतीय संशोधकांनी दाखविले. परंतु झाडाबाहेर वाढविलेल्या अशा बुरशींची ही शक्ती पिढ्यांगणिक ओसरते, असा अनुभव आहे.

तेव्हा तूर्त लागवड हाच व्यवहार्य मार्ग दिसतो, आणि येथे प्रश्न विज्ञानाचा न राहता कारभाराचा होतो. घाटालगतच्या शेतकऱ्याने आपल्या पडीक वरकस जमिनीत नरक्या लावला, तर काही वर्षांनी त्याचे लाकूड वा पाला बाजारात नेताना तो माल जंगलातला नसून स्वतःच्या शेतातला आहे, हे त्याने कोणत्या कागदाने सिद्ध करावे? हा दाखला सुलभपणे मिळणार नसेल, तर शहाणा शेतकरी नरक्याच्या वाटेला जाणार नाही, आणि कारखान्याची मागणी जंगलातूनच भागत राहील. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या नेमून तेथील वनस्पतींची नोंदवही ठेवण्याची आणि व्यापारी उपयोगाच्या लाभात स्थानिकांना वाटा देण्याची तरतूद केलेली आहे. राधानगरी, शाहूवाडी वा चंदगड तालुक्यांतील नोंदवह्यांत नरक्याची झाडे मोजून, रान आणि शिवार यांचे वेगळे आकडे मांडले गेले, तर शेतातल्या मालाला दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती निदान पडताळून पाहण्याजोगा एक कागद येईल.