बारा चित्रांत मुंबई ते पुणे

दोन. या लेखातला सगळ्यात लहान आकडा हा. नीट बघून घ्या, पुढे असा गरीब आकडा भेटणार नाही.

कुंभकोणमपासून चारेक किलोमीटरवर दारासुरमला ऐरावतेश्वराचं देऊळ आहे, दुसऱ्या राजराज चोळानं बाराव्या शतकात बांधलेलं. तिथल्या एका शिल्पात हत्ती आणि बैल एकमेकांना भिडलेत आणि दोघांत मिळून डोकं एकच! एक धड हातानं झाकलं की हत्ती दिसतो, दुसरं झाकलं की बैल. हात भराभर इकडून तिकडे न्या. हत्तीचा बैल, बैलाचा हत्ती, परत हत्ती. दोन चित्रांचं ॲनिमेशन, साडेआठशे वर्षांपूर्वीचं, आणि तेही दगडात.

कुंभकोणममध्ये सरकारी ललित कला महाविद्यालयही आहे. तेव्हा या गावात ॲनिमेशन शिकणारी एक मुलगी आहे असं धरू या आणि तिच्या टेबलाशी जाऊन बसू. मुलगी कल्पनेतली आहे, तिचा गृहपाठ मात्र जगभर असाच असतो. आधी चेंडू उसळवून दाखवायचा, मग माणूस चालवून दाखवायचा, मग एका मिनिटाची स्वतःची फिल्म करायची. एवढंच. एका मिनिटात असं काय मावणार?

चेंडू राहू द्या, थेट माणूस चालवू. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम पळतात. हातानं काढणारे बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. साधी चाल सेकंदाला दोन पावलं. आता या माणसाला मुंबईहून पुण्याला पाठवू. अंतर 150 किलोमीटर धरा आणि पाऊल पाऊण मीटरचं. दोन लाख पावलं! न थांबता, खोपोलीला वडासुद्धा न खाता चालला तरी एक लाख सेकंद, म्हणजे पावणेअठ्ठावीस तास. त्यासाठी 24 लाख फ्रेम आणि 12 लाख चित्रं लागतील. एका चित्राला दहाच मिनिटं दिली, रोज आठ तास काम केलं, रविवार नाही, दिवाळी नाही, तरी 25,000 दिवस लागतात. साडेअडुसष्ट वर्षं! विसाव्या वर्षी बसलेली मुलगी अठ्ठ्याऐंशी उलटल्यावर उठेल आणि माणूस नुकताच पुण्यात पोचलेला असेल.

आणि इथेच या विद्येची मोठी लबाडी आहे. दोन पावलं झाली की माणूस पुन्हा पहिल्याच अवस्थेत येतो. म्हणजे 12 चित्रं काढायची आणि तीच फिरवत राहायचं. दोन तासांच्या कामात माणूस पुण्याला पोचतो. थांबवला नाही तर सोलापूरही ओलांडतो.

पण सगळ्याच गोष्टी अशा फिरवता येत नाहीत. रोप वाढतं, ते परत लहान होत नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी नेमकं तेच निवडलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला हा गृहस्थ 1912 साली, बेचाळिसाव्या वर्षी, विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला जाऊन आला आणि घरी कॅमेरा लावून बसला तो कुंडीतल्या वाटाण्यासमोर. फिल्मचं नाव ‘अंकुराची वाढ’. गोष्ट सांगणारे सांगतात की महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराची फिल्म झाली. जरा हिशेब करू. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवत आणि सेकंदाला साधारण 16 फ्रेम धरत. मिनिटाला 960 झाल्या. रोज एकच घेतली तर 960 दिवस लागतील, दोन वर्षं आणि साडेसात महिने. एवढा वेळ वाटाणा कशाला थांबतोय! उलट महिनाभर रोज एक घेतली तर फिल्म दोन सेकंदांतच संपेल. दोन्ही टोकं जुळवायची तर दिवसाला 32 फ्रेम पडतात. अहोरात्र, दर पाऊण तासाला एक! गोष्ट सांगणाऱ्यांनी दादासाहेबांचे कष्ट कमी करून सांगितले असं माझं स्पष्ट मत आहे. हीच चिमुकली फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं आणि 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे 1915 मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, चक्क काड्यापेटीतल्या काड्या नाचवून.

तिकडे अमेरिकेत विन्सर मॅके यांनी 1914 मध्ये ‘गर्टी’ नावाची डायनोसॉर चालवली, तिला सुमारे 10,000 चित्रं लागली. आपले ॲनिमेटर राम मोहन यांनी जपानी मंडळींबरोबर केलेल्या 1992 च्या ‘रामायण’पर्यंत येईतो आकडा एक लाखाच्या घरात गेला. एका चित्रात सगळ्या रेघा मिळून दोन मीटर भरतात असं धरलं तर एक लाख चित्रांची रेघ 200 किलोमीटर होते. मुंबईहून निघून पुणं मागे टाकून साताऱ्याच्या वाटेला लागलेली, एकटाकी!

मग संगणक आला आणि लोकांना वाटलं की कष्ट संपले. 1995 चा ‘टॉय स्टोरी’ घ्या. 1,14,240 फ्रेम आणि त्या तयार करायला यंत्रांचे 8 लाख तास! डेक्कन क्वीनला मुंबई-पुणे सुमारे सव्वातीन तास लागतात. रोज एकदा जाऊन एकदा येणाऱ्या या गाडीनं 8 लाख तास भरायचे तर जवळजवळ 340 वर्षं लागतील. म्हणजे ती संभाजी महाराजांच्या काळात सुटायला हवी होती. आपल्या मुलीचा लॅपटॉप एका फ्रेमला वीस मिनिटं घेत असेल, तर तिच्या एका मिनिटाला वीस दिवस लागतील, पंखा घोंघावत, वीज न जाता. (तेवढ्यात वीज जाते, हे कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा.)

आतापर्यंत आपण फक्त मेहनत मोजली. आता तिला किती गोष्टी ठरवायच्या असतात ते मोजू, आणि त्यासाठी कुंभकोणमसारखं गाव नाही. हे गणितज्ञ रामानुजन यांचं गाव. ते इथल्या टाऊन हायस्कूलमध्ये शिकले आणि इथल्याच सरकारी कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत नापास होऊन शिष्यवृत्ती गमावून बसले.

एक सेकंद घ्या, 24 फ्रेम. पहिलं चित्र किती फ्रेम धरायचं? तीन? पाच? दुसरं किती? याला टायमिंग म्हणतात. हसू येणार की नाही हे त्यावरच ठरतं. 24 फ्रेमच्या मध्ये 23 सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यावर प्रश्न एकच, चित्र बदलायचं की तेच ठेवायचं. दोन पर्याय, 23 वेळा. दोन गुणिले दोन गुणिले दोन करत जा आणि शेवटी खाली बसा: 83,88,608! एका सेकंदाचे इतके प्रकार. सगळे एकामागून एक बघायला गुढीपाडव्याला बसलात आणि डोळा लागू दिला नाहीत, तर 97 दिवसांनी उठाल. आषाढी एकादशी तोंडावर आलेली असेल, वारी पंढरपुराजवळ पोचलेली असेल आणि तुम्ही अजून पहिलाच सेकंद बघून उठलेले असाल.

दोन सेकंद करू? नको, पण करूच. 14,07,37,48,83,55,328. हे प्रकार देशात समान वाटले तर तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येक भारतीयाच्या वाट्याला लाखभर येतात.

चित्रांचा क्रम सोडून दिला आणि 24 ची फक्त फोड बघितली, म्हणजे कोणकोणत्या आकड्यांची बेरीज 24 होते एवढंच, तर प्रकार 1,575 उरतात. सव्वीस मिनिटांत बघून होतील. हुश्श! पण याच फोडी रामानुजन आणि त्यांचे सहकारी गणितज्ञ हार्डी यांनी अभ्यासाला घेतल्या. 200 ची फोड, म्हणजे आपल्या हिशेबात आठ सेकंदांच्या थोडं पुढे, 39,72,99,90,29,388 प्रकारे होते. मॅकमहन नावाच्या गणितज्ञानं हा आकडा हातानं काढला होता आणि दोघांचं 1918 मध्ये छापून आलेलं सूत्र त्याच्याशी जुळलं. सूत्र कसं चालतं ते मला विचारू नका, मी विश्वास ठेवला आहे. मी फक्त एवढं मोजलं, की हे सगळे प्रकार पडद्यावर बघायला साडेदहा लाख वर्षं लागतील.

बरं, अजून आपण चित्राच्या आत शिरलोच नाही.

साधा फुल एचडी पडदा आडवा 1,920 आणि उभा 1,080 ठिपक्यांचा असतो. एका फ्रेममध्ये 20,73,600 ठिपके, सेकंदाला जवळजवळ 5 कोटी आणि मिनिटाला 298 कोटींच्या वर. देशाच्या लोकसंख्येच्या दुप्पट! एक ठिपका एक मिलिमीटरचा करून ओळीत मांडा. 2,986 किलोमीटर, मुंबई-पुणे दहा वेळा जाऊन येऊन. फिल्म आणखी पाचच सेकंद लांबवा, भारताचं उत्तर टोक ते दक्षिण टोक हे 3,214 किलोमीटर पार. प्रत्येक ठिपक्याला शाईचा एकच थेंब द्या, एका मिलिलिटरचे वीस थेंब धरून. एका मिनिटाला दीड लाख लिटर शाई! दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. टँकर नको असतील तर वीस फूट व्यासाची विहीर घ्या आणि तळापासून सतरा फूट शाईनं भरा.

आणि प्रत्येक ठिपक्याला रंग किती? 1,67,77,216. त्या प्रत्येक रंगात पहिला ठिपका, त्या प्रत्येकाबरोबर पुन्हा तेवढ्याच रंगांत दुसरा, मग तिसरा, असं वीस लाखांवर वेळा. तर मग या पडद्यावर एकूण वेगवेगळी चित्रं किती उमटू शकतात?

उत्तर लिहायला बसू. अंक बारीक काढू, अडीच मिलिमीटरला एक. आधी सरावाला दुसरी संख्या घेऊ, आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातले सगळे अणू. साधारण 1 वर 80 शून्यं. लिहून झाली! वीस सेंटिमीटरमध्ये संपली, वहीच्या एका ओळीत. आता चित्रांची संख्या. कुंभकोणम स्टेशनवर खडू टेकवा आणि तंजावरच्या दिशेनं निघा. पापनाशम आलं, अंक संपले नाहीत. अय्यमपेट्टै आलं, संपले नाहीत. जवळजवळ दीड कोटी अंक, सदतीस किलोमीटर! तंजावर तीनेक किलोमीटर उरलं असताना शेवटचा अंक पडतो. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये तिथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो लेख एका देवळाच्या भिंतीवर मावला, आणि इथे नुसती एक संख्या मावत नाही.

त्या चित्रांतली बहुतेक सगळी निव्वळ मुंग्या आहेत, जुन्या टीव्हीवर सिग्नल गेल्यावर दिसायच्या तशा. पण त्यांतच शिवराज्याभिषेकाचा रंगीत फोटो आहे, जो कोणी काढलाच नाही. फाळक्यांच्या वाटाण्याची प्रत्येक फ्रेम आहे, न घेतलेल्यासुद्धा. तुमच्या पणजीचा लहानपणीचा चेहरा आहे, पणजीला दोन नाकं असलेलाही आहे. हे पान वाचताना तुम्ही कसे दिसताय, तेही आहे.

आणि ही झाली एक फ्रेम. मुलीला गृहपाठ मिनिटाचा आहे, 1,440 फ्रेमचा. एका मिनिटाच्या फिल्म किती होऊ शकतात, ती संख्या लिहायला अंकांची ओळ 1,440 पट लांब लागते: जवळजवळ 54,000 किलोमीटर! तंजावर मागे पडलं, मुंबई मागे पडली, अरबी समुद्र ओलांडला, पृथ्वीला पूर्ण फेरी मारून ओळ परत कुंभकोणमला आली आणि दुसऱ्या फेरीचा तिसरा हिस्सा संपवून मगच थांबली. ताशी शंभरच्या वेगानं न थांबणारी गाडी या ओळीवरून सोडली तर तीही साडेबावीस दिवस धावेल.

यात आवाज अजून धरलेलाच नाही. तो सेकंदाला 48,000 नमुन्यांचा असतो, प्रत्येक कानाला वेगळा.