हरणाला दिसते ती तुमची जीन्स!

अमेरिकेत उन्हाळा सरत आला की रायफलवाल्यांच्या आधी धनुष्यवाल्यांचा हंगाम उघडतो. व्हाइटटेल हरीण, एल्क, अस्वल, प्रॉन्गहॉर्न असलं मोठं सावज बाणानं टिपायला निघालेली ही मंडळी नखशिखान्त झाड होऊन जातात. टोपीवर पानं, विजारीवर काटक्या, हातमोज्यांवर ओकची साल. आणि शेकोटीभोवती दर वर्षी तोच वाद रंगतो : या चट्ट्यापट्ट्यांनी खरंच फरक पडतो, की फक्त खिसा हलका होतो?

रायफलवाल्याला या वादाशी फारसं देणंघेणं नसतं. तो दोनशे मीटरवरून काम उरकतो. धनुर्धाऱ्याला मात्र साधारण २० ते ४० यार्डांच्या आत, म्हणजे वीस-पस्तीस मीटरवर, सावज यावं लागतं. एवढ्या जवळून हरणाला तुमच्या मनगटावरच्या घड्याळाची चमकही पुरते.

तर उत्तर आधीच सांगून टाकतो. फरक पडतो, पण दुकानदार बोट दाखवतो तिथे नाही.

दोनच रंगांची दुनिया

१९९२मध्ये जॉर्जिया विद्यापीठात एक मजेदार प्रयोग झाला. हरणांना भूल दिली, त्यांच्या डोळ्यांत वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश सोडला आणि डोळ्यातून उमटणारे विजेचे बारीक संकेत मोजले. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. हरणाकडे निघाल्या दोनच : एक निळ्याला जागणारी, दुसरी हिरव्या-पिवळ्याला. लाल आणि नारिंगीसाठी स्वतंत्र पेशीच नाही. म्हणजे आपल्याला बोंबलून सांगणारा भगवा रंग त्याच्या लेखी मातकट पिवळा, नाहीतर करडा.

निळ्याच्या बाबतीत मात्र हरीण आपल्यापेक्षा तिखट. आपल्या डोळ्यातलं भिंग अतिनील किरण आतच येऊ देत नाही. हरणाचं भिंग ते बऱ्यापैकी येऊ देतं. त्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला, जेव्हा हरणं चरायला बाहेर पडतात, तेव्हा उजेडात निळा अंश जास्त. त्यामुळे वर हजारांचं पानाफुलांचं जाकीट आणि खाली रोजची निळी जीन्स घालून बसलेला गडी हरणाला जीन्ससकट दिसतो. किंबहुना फक्त जीन्सच दिसते म्हणा!

बाकी हरणाची नजर बारीक तपशिलांत आपल्याहून कच्चीच. जाकिटावरच्या पानाच्या शिरा त्याला दिसत नाहीत. पण डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं मान न वळवता जवळपास तीनशे अंशांचा परिसर त्याच्या नजरेत असतो. शिवाय डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो, रात्री गाडीच्या दिव्यात चमकतो तोच. तो अंधुक उजेडही दोनदा वापरायला लावतो. अक्षरं वाचण्यासाठी हा डोळा निकामी, पण काहीतरी हललं हे टिपण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

पांढऱ्याहून पांढरे!

कपडे लख्ख दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक रसायन घालतात. ते अतिनील किरण शोषतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं. आपल्याला शर्ट पांढराशुभ्र वाटतो. हरणाच्या डोळ्याची निळी पेशी नेमकी याच उजेडावर बेतलेली! म्हणजे महागडा जंगली पोशाख घरच्या पावडरीत बुचकळला की बायको खूश, हरीण सावध. म्हणूनच शिकाऱ्यांच्या दुकानात चमक न आणणारी आणि बिनवासाची वेगळी पावडर मिळते. हा खर्च मला पट्ट्यांवरच्या खर्चापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

भगवा चालतो, गुलाबीही

बंदुकीच्या हंगामात अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत झगझगीत नारिंगी घालणं सक्तीचं आहे. कारण हरीण नाही, दुसरा शिकारी! त्याच्या डोळ्यात तीन प्रकारच्या पेशी असतात आणि हातात बंदूक. कोलोरॅडोत किमान ५०० चौरस इंच सलग रंग लागतो. नारिंगीवर पानं छापलेलं कापड चालत नाही. २०१६मध्ये विस्कॉन्सिननं नारिंगीच्या जोडीला झगझगीत गुलाबीही मंजूर केला. निव्वळ धनुष्याच्या हंगामात अनेक राज्यांत या सक्तीतून सूट असते, तरी नारिंगी टोपी घालून बसणारे धनुर्धारी रिकाम्या हातानं परततातच असं नाही. गुपित वरच्या प्रयोगात आहेच.

आणि हे गुपित सर्वांत आधी वाघाला कळलं होतं. ताडोब्यात जिप्सीतून वाघ पाहिल्यावर कुणालाही प्रश्न पडतो, की हिरव्या बांबूत एवढा शेंदरी प्राणी लपतो कसा? चितळ-सांबरांपुढे लपतो, आपल्यापुढे नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये दोन रंगांच्या नजरेतून वाघ दाखवला, तर तो आसपासच्या पाल्यात मिसळून गेला. सस्तन प्राण्यांना अंगावर हिरवा रंग तयारच करता येत नाही. मग भक्ष्याला हिरवट भासेल असा नारिंगी रंग काय वाईट? वाघही जवळ सरकून, दबा धरून झेप घेणारा. बाणवाल्याची आणि त्याची अडचण एकच.

पट्टे नेमके कुणासाठी?

पट्ट्यांचं कापड आधी सैन्याचं. इटलीनं १९२९मध्ये छापील चट्ट्यांचं कापड काढलं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन सैनिकांच्या अंगावर बेडकाच्या कातडीसारखे ठिपके आले. युद्ध संपलं आणि तेच ठिपके बदकं मारणाऱ्यांनी उचलले. त्या नक्षीला ‘डक हंटर’ हेच नाव चिकटलं.

खास शिकाऱ्यांसाठी झाडाच्या सालीची नक्षी आली ती १९८०मध्ये. व्हर्जिनियाच्या जिम क्रम्ली यांनी मार्कर पेन घेऊन कपड्यांवर उभ्या रेघा ओढल्या आणि ‘ट्रीबार्क’ जन्मलं. १९८६ साल तर या धंद्यातलं सुगीचं. जॉर्जियाच्या बिल जॉर्डन यांनी आईवडिलांच्या अंगणातल्या ओकची साल रेखाटून ‘रिअलट्री’ काढलं. त्याच वर्षी मिसिसिपीतले टॉक्सी हास पिशवीत माती, पानं, काटक्या भरून कापड गिरणीत गेले आणि म्हणाले, असं दिसणारं कापड छापून द्या. त्यातून ‘मॉसी ओक’ उभं राहिलं. आज हीच नक्षी टोप्यांवर, ट्रकांवर, सोफ्यांवर, अगदी लग्नाच्या पोशाखांवरही दिसते. लग्नात कुणापासून लपायचं असतं, हे नवरदेवालाच ठाऊक.

गंमत अशी, की नक्षी जितकी हुबेहूब तितकी ती हँगरवर छान दिसते. थोडं लांब गेलं की ती बारीक पानं एकमेकांत मिसळतात आणि उरतो माणसाच्या आकाराचा गडद ठिपका. हे ओळखून २००८च्या सुमारास ‘ऑप्टिफेड’ नावाची नक्षी आली, तिच्यात पानही नाही आणि काटकीही. लहानमोठे चौकोनी डाग, बस्स! ती घडवणाऱ्यांत हरणाच्या डोळ्याच्या त्या प्रयोगातले शास्त्रज्ञ जे नाइट्झ होते आणि सैन्यासाठी चौकडीच्या नक्षीचा पाया घालणारे टिमोथी ओनील. माणसाच्या डोळ्याला ही नक्षी सुंदर वाटत नाही, हीच मला तिची शिफारस वाटते.

फेल्ट हॅटवाला

या सगळ्याच्या आधी लोक काय घालत होते? पेनसिल्व्हेनियातल्या वूलरिच गिरणीनं १८५०मध्ये लाल-काळ्या मोठ्या चौकड्यांचं लोकरी कापड काढलं. आपल्या डोळ्यांना ते आगीच्या बंबासारखं भडक. हरणाला त्यात गडद आणि फिकट तुकडे दिसतात, म्हणजे देहाचा आकार मोडतो. काम तेच, नक्षीच्या गप्पा नाहीत.

धनुष्याच्या शिकारीचा अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रचारक फ्रेड बेअर (१९०२–१९८८). १९३३मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली, अलास्कात प्रचंड तपकिरी अस्वलं बाणानं पाडली. त्याची ओळख कुठली? डोक्यावरची बोर्सालिनो फेल्ट हॅट.

त्याच्याही आधी, १९२०मध्ये, डॉ. सॅक्स्टन पोप आणि आर्थर यंग यांनी यलोस्टोनमध्ये एका संग्रहालयासाठी ग्रिझली अस्वलं बाणानं मारली. झाडाच्या सालीचं कापड तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पोप ही विद्या शिकले इशीकडून. इशी हा ‘याही’ नावाच्या जमातीचा अखेरचा माणूस, १९११मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ एकटाच सापडलेला. शिकारीआधीचं त्याचं पथ्य पोप यांनी लिहून ठेवलंय : आदल्या दिवशी मासे वर्ज्य, तंबाखू बंद, सकाळी ओढ्यात अंघोळ. कधी तो हरणाचं पेंढा भरलेलं डोकं स्वतःच्या डोक्यावर चढवून झुडपाआडून हलवायचा. हरीण कुतूहलानं जवळ यायचं.

वाऱ्यापुढे सगळे नागडे

मासे का नको, तर वासामुळे. तुम्ही झाड दिसलात तरी वास माणसाचाच येतो, आणि हरीण डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त विश्वास ठेवतं. त्यामुळे मुरलेला शिकारी कपाटापेक्षा आधी वारा बघतो. डोंगराळ भागात हा वारा घड्याळ पाळतो. सकाळी ऊन चढलं की तापलेली हवा उताराच्या वर सरकते, संध्याकाळी गार हवा ओढ्याच्या दिशेनं खाली उतरते. म्हणून सकाळी सावजाच्या वर राहायचं, संध्याकाळी खाली.

हे जोखायला अमेरिकी शिकारी खिशात मिल्कवीडच्या शेंगेतला रेशमी कापूस बाळगतात. एक तंतू सोडायचा आणि कुठे जातो ते पाहायचं. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईची भावकी. लहानपणी ‘म्हातारी’ पकडायला आपण ज्याच्या मागे धावलो, तसाच हा कापूस.

पाव सेकंदाचं भांडण

मानलं, वारा बरोबर आहे, जीन्स घरी आहे. तरी धनुष्य ताणावंच लागतं. बंदुकीत फक्त बोट हलतं. धनुष्यात खांदा, कोपर, सगळं मागे जातं, आणि हलणाऱ्या झाडाला हरीण झाड मानत नाही. सावजाचं डोकं खोडाआड गेलं की ताणायचं, हा जुना नियम कुठल्याही कापडापेक्षा भारी. मिसूरीच्या हॉलिस ॲलन यांना १९६९मध्ये चाकांच्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. त्यात पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार खूप हलका होतो, म्हणून ताणून थांबता येतं.

सुटल्यावरही खेळ संपत नाही. ३० यार्डांवर प्रत्यंचेचा आवाज साधारण ०.०८ सेकंदात पोचतो. सेकंदाला २८० फूट जाणाऱ्या बाणाला ०.३२ सेकंद लागतात. मधला पाव सेकंद हरणाचा. उडी घेण्यासाठी ते आधी पाय मोडून खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. या क्षणी तुम्ही काय नेसला होतात हा प्रश्नच उरत नाही.

लपायचं कशाला, सोंग घ्या

चित्रकार जॉर्ज कॅटलिन यांनी १८३०च्या दशकात एक चित्र काढलं : लांडग्याची कातडी पांघरून रांगत बायसनच्या कळपाशी पोचलेले मूळनिवासी धनुर्धारी. कळपाभोवती लांडगे घुटमळतच असायचे. धडधाकट बायसन त्यांना मोजत नसे. आज प्रॉन्गहॉर्नच्या सपाट माळावर काही जण गाईच्या आकाराचा कापडी पडदा पुढे धरून चालतात. ही युक्ती आपल्या पारध्यांना कधीची ठाऊक. ब्रिटिशकालीन मध्य प्रांताच्या नोंदींत पारध्यांच्या एका गटाचं नाव ‘गायके’ असं आहे : बैलाच्या आडोशानं सावजाजवळ सरकणारे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे तो अध्याय मिटला.

पाणवठ्यावर तंबूत बसून प्रॉन्गहॉर्नची वाट पाहणारे तर साधा काळा सदरा घालतात. आत अंधार, अंगावर काळं, झालं! तिथे पानाफुलांचं जाकीट उलट उठून दिसतं.

फ्लेमिंगो आणि राष्ट्राध्यक्ष

थोडं विषयांतर. ॲबट थेअर हे अमेरिकी चित्रकार. प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं का, याचं त्यांचं स्पष्टीकरण आजही मानलं जातं : गडद पाठ वरून पडणारा उजेड खोडते आणि फिकं पोट खालची सावली. पण १९०९च्या पुस्तकात त्यांचा घोडा उधळला. मोर जंगलात लपतो, फ्लेमिंगो गुलाबी असतो कारण सूर्यास्ताच्या आकाशात विरघळतो! ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो पाहून आलेल्याला यावर काय वाटेल ते वाटो. थिओडोर रूझवेल्ट तेव्हा आफ्रिकेत मोठी शिकार करून परतले होते. त्यांनी १९११मध्ये थेअर यांच्यावर लांबलचक शास्त्रीय लेखच लिहून काढला. माजी राष्ट्राध्यक्षाला एवढा वेळ होता, याचंच मला नवल वाटतं.

आणि एक टर्की

हरणासाठी पट्टे दुय्यम, पण रानटी टर्कीपुढे हिशेब बदलतो. काही अमेरिकी राज्यांच्या कायद्यात हा पक्षीही ‘बिग गेम’मध्येच मोडतो. पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षाही जास्त दिसतात आणि टर्कीची नजर भलतीच तेज. तिथे चेहरा आणि हातसुद्धा झाकावे लागतात. लाल, पांढरा, निळा घालूच नका असं शिकाऱ्यांना बजावतात, कारण नर टर्कीचं डोकं नेमकं याच तीन रंगांचं असतं आणि झुडपापलीकडे दुसरा शिकारी बसलेला असू शकतो.

शेवटी एक सूचना वेस्ट इंडीजला क्रिकेट बघायला जाणाऱ्यांसाठी. बार्बेडोसमध्ये सामान्य माणसाला चट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालायला कायद्यानं बंदी आहे, पर्यटकांनाही. तिथे तुम्हाला पहिल्यांदा हेरतो तो पोलीस.