अलिप्त वायूंचें रूपांतर

मुदखेड जंक्शनाहून आदिलाबादची गाडी निराळा मार्ग धरते. तिला वळविणारा सांधा मात्र आदिलाबादला जात नाहीं. रसायनांतील उत्प्रेरकाचें कामही असेंच.

आपल्या स्वयंपाकघरांतील सिलिंडरांत प्रोपेन व ब्यूटेन हे वायु असतात. हे मोठे अलिप्त. जाळण्यापलीकडे त्यांच्याकडून कांहीं करवून घेणें अवघड. कोंडलेल्या खोलींतील शेगडीचा तो जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड त्यांना जोडावयाचा, तर प्रथम त्यांचा एक हायड्रोजन ऋणभारासह काढून घ्यावा लागतो. उरलेल्या धनभारित कणाला कार्बन मोनॉक्साइड चिकटतो आणि पाणी मिळतांच नवें आम्ल बनतें. प्रोपेनपासून असें आयसोब्यूटिरिक आम्ल मिळतें. या धनकणांच्या अभ्यासासाठीं जॉर्ज ओला यांना १९९४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

त्यांनीं वापरलेलीं महाआम्लें द्रवरूप. तीं भांडीं खातात आणि तयार मालांतून निवडणें कठीण. म्हणून गंधकाम्लाचा संस्कार केलेल्या झिर्कोनियासारखी घन भुकटी बरी. ती सहज वेगळी होते. तिच्यावर प्रोपेनचें हें रूपांतर प्रयोगशाळेंत दिसलेंही आहे. पण ताप वाढविला कीं जोडलेला कार्बन मोनॉक्साइड पुन्हा सुटतो, आणि कमी ठेवला तर काम रेंगाळतें. कारखान्याचें घोडें इथेंच अडतें.