ट्यूबच्या आत साचणारा दगड

जबलपूरजवळच्या भेडाघाटचे संगमरवरी कडे प्रामुख्याने कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या कार्बोनेटचे आहेत. अशा खडकातून झिरपलेलं बोअरचं पाणी जड असतं. ते कारखान्याच्या कूलरमध्ये फिरवलं की ट्यूबच्या आत पांढरा, टणक थर धरू लागतो. साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं. कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे. पाणी तापलं की विरघळलेलं बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेट खाली बसतं. सर्वांत गरम जागा ट्यूबची भिंत, म्हणून थर नेमका तिथेच. हा थर उष्णता इतकी अडवतो की त्याचा १ मिलिमीटर साधारण २५ मिलिमीटर जाड पोलादाइतका भारी पडतो.

जबलपूरजवळच्याच बरगी धरणावर ९० मेगावॅटचं वीजघर आहे. जलविद्युत केंद्रांत जनरेटरची हवा आणि बेअरिंगचं तेल थंड करायला बहुधा धरणाचंच पाणी वापरतात. तिथे क्षारांपेक्षा पावसाळ्यातला गाळ जास्त सतावतो. ट्यूबमधला वेग सेकंदाला १ मीटरच्या खाली गेला की गाळ बसायला लागतो. खर्च वाचवायला व्हॉल्व्ह आवळून ठेवणं म्हणूनच महागात पडतं.

कूलर न उघडता आतलं बरंचसं कळतं. पाण्याचा प्रवाह तेवढाच असताना तेल नीट थंड होत नसेल, पण आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दाबातला फरक जेमतेम वाढला असेल, तर पातळ क्षार किंवा शेवाळाचा चिकट थर समजावा. दाबातला फरक झपाट्याने वाढला तर गाळ, कचरा किंवा तुंबलेल्या ट्यूबा.

उघडल्यावर थराचा तुकडा खरवडून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. जोरात फसफसला तर कार्बोनेट. ढिम्म राहिला तर सिलिका किंवा सल्फेट असू शकतं. तिथे हे आम्ल ओतणं व्यर्थ, धातू मात्र खाल्ला जाईल. गाळाला ब्रश आणि पाण्याचा जेट पुरतो. स्टेनलेस स्टीलला हायड्रोक्लोरिक लावूच नये, क्लोराइडमुळे त्याला तडे जाऊ शकतात; तिथे सल्फॅमिक आम्ल बरं.

आम्लात धातूची झीज रोखणारा इनहिबिटर हवाच. पूर्ण तुंबलेल्या ट्यूबा आधी रॉडने मोकळ्या कराव्यात, कारण आम्ल फिरलंच नाही तर काम करणार नाही. द्रावण खालून वर फिरवावं आणि निघणाऱ्या वायूला वरचा व्हेंट उघडा ठेवावा. ठरावीक वेळाने नमुना घेऊन आम्लाची तीव्रता मोजावी. आम्ल शिल्लक असताना ती घसरायची थांबली, की विरघळण्याजोगा थर संपला. मग थांबायचंच, जास्त वेळ फिरवण्याने फक्त ट्यूब झिजते. नंतर सोडा ॲशने उदासीन करून भरपूर पाण्याने धुवावं आणि पाण्याच्या दाबाची चाचणी (हायड्रोटेस्ट) घ्यावी, कारण कधी कधी झिजलेल्या ट्यूबचं भोक थरानेच बुजलेलं असतं.

स्वच्छ कूलर सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी प्रवाह, पाणी आणि तेल यांची आत-बाहेरची चारही तापमानं आणि आत-बाहेरचे दाब वहीत लिहून ठेवा. पुढची सफाई कधी, हे त्या आकड्यांशी ताडूनच ठरवता येतं.