कांजिण्यांचा पहिला दिवस

फेब्रुवारी-मार्च आला की शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक निरोप हमखास फिरतो: वर्गातल्या एका मुलाला कांजिण्या आल्यात, आपापल्या मुलांकडे लक्ष ठेवा. हा निरोप येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. अंगावर पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच ते मूल विषाणू पसरवत असतं. शेजारच्या बाकावरच्या मुलाला लागण झालीच असेल, तर ती अंगावर दिसायला १० ते २१ दिवस लागतात. घरात तर हा विषाणू फारच कमी जणांना सोडतो. ज्याला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतलेली नाही, अशा माणसाला घरातल्या रुग्णाकडून लागण होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते.

ओळखायला हा आजार फारसा अवघड नाही. आधी कणकण, अंग मोडून येणं, मग छाती-पाठीवर आणि चेहऱ्यावर लाल ठिपके. काही तासांत ठिपक्याचा पाण्याने भरलेला फोड होतो आणि त्यावर खपली धरते. नव्या फोडांच्या खेपा तीन-चार दिवस येत राहतात. त्यामुळे एकाच वेळी अंगावर ठिपका, फोड आणि खपली असं सगळंच दिसतं. देवीच्या रोगात तसं नसे. तिथे एका भागावरचे सगळे फोड एकाच अवस्थेत असत आणि चेहरा, हात-पाय अधिक भरत. हे दोन रोग वेगळे आहेत हे इंग्लंडमधल्या विल्यम हेबर्डेन या डॉक्टरने १७६७ मध्ये स्पष्टपणे मांडलं.

लोकांच्या मनात मात्र दोन्हींचं नातं तुटलं नाही. देवीचा रोग १९७५ मध्ये भारतातून गेला; त्याच्याभोवतीचे रिवाज कांजिण्यांच्या वाट्याला आले. दाराला कडुलिंबाची डहाळी, घरात फोडणी बंद, रुग्णाची अंघोळ बंद, औषधाचं नाव काढायचं नाही आणि बरं वाटल्यावर माहीमच्या किंवा केळव्याच्या शीतलादेवीला जाऊन यायचं. यातली श्रद्धा ज्याची त्याने जपावी. रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवणं आणि पाहुण्यांना येऊ न देणं, हे तर आजचा डॉक्टरही सांगतो. अंघोळ आणि औषध बंद करण्याने मात्र नुकसान होतं. खाजवलेल्या फोडात नखांतले जंतू शिरतात, तिथे पू होतो आणि एरवी पुसून गेले असते ते व्रण कायमचे राहतात. रोज कोमट पाण्याने, अंग न घासता अंघोळ घालावी, मऊ पंच्याने टिपून घ्यावं, नखं अगदी बारीक कापावीत. फोडांवर कॅलामाइन लावलं की खाज शमते. मूल रात्रभर तळमळत असेल तर डॉक्टर खाज कमी करणारं औषध देतात. तोंडातही फोड येतात, म्हणून तिखट-आंबट टाळून मऊ भात, पेज, गार दूध असं काहीही चालतं; पथ्याच्या नावाखाली मुलाला उपाशी ठेवू नये.

तापासाठी वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल पुरतं. अ‍ॅस्पिरिन मात्र मुलाला अजिबात देऊ नये. ऑस्ट्रेलियातले विकृतिशास्त्रज्ञ डग्लस राय यांनी १९६३ मध्ये मुलांमधल्या एका भयंकर आजाराचं वर्णन केलं. त्यात मेंदूला सूज येते आणि यकृत निकामी होऊ लागतं. कांजिण्या किंवा फ्लूच्या तापात अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या मुलांना हा धोका असतो, हे पुढे लक्षात आलं. डोकेदुखीच्या साध्या गोळीतही अ‍ॅस्पिरिन असू शकतं, तेव्हा पाकिटावरची नावं वाचूनच गोळी द्यावी. आयबुप्रोफेनही टाळलेलं बरं. कांजिण्यांत त्याचा संबंध त्वचेच्या गंभीर संसर्गाशी आढळला आहे.

धडधाकट मुलाला एवढं पुरतं. आठवडाभरात सगळे फोड खपलीने झाकले जातात, नवा फोड येत नाही आणि मग शाळेत पाठवायला हरकत नसते. खपल्या गळून पडेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

मोठ्या माणसाची गोष्ट निराळी आहे. उष्ण प्रदेशांत बरेच लोक लहानपणी कांजिण्यांतून सुटतात आणि विशी-तिशीत सापडतात. वसतिगृहातली मुलं-मुली, एका खोलीत दाटीने राहणारे कामगार यांच्यात साथ झपाट्याने फिरते. प्रौढांमध्ये ताप चढा, फोड जास्त आणि न्यूमोनियाचा धोका खरा. धूम्रपान करणाऱ्यांना आणखी. तरीही ‘आपोआप जातं’ म्हणून चार दिवस अंगावर काढले जातात, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. असायक्लोव्हिर हे कांजिण्यांच्या विषाणूवरचं औषध पहिला पुरळ उठल्यापासून २४ तासांत सुरू केलं तर चांगला गुण येतो. पुढे तो झपाट्याने घटत जातो. हे औषध गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून आलं. औषधशोधातल्या कामासाठी १९८८ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. आता ते साध्या औषधाच्या दुकानात मिळतं, पण डोस वय, वजन आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहून ठरतो, म्हणून डॉक्टर हवाच. बारा वर्षांपुढचे सगळे, दमा किंवा त्वचेचा जुना आजार असलेली मुलं, आणि घरातला दुसरा रुग्ण (त्याला बहुधा जास्त जोराने येतात) यांनी त्याच दिवशी विचारावं.

जाण्याआधी फोन करावा. दवाखान्याच्या गर्दीत एखादी गर्भवती किंवा केमोथेरपी चालू असलेला माणूस बसलेला असतो. फोनवर कळवलं तर डॉक्टर शेवटची वेळ देतात किंवा वेगळ्या दाराने बोलावतात. सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर व्हिडिओने सल्ला मिळतो. धाप लागणं, खोकला, छातीत दुखणं, असंबद्ध बोलणं, चालताना तोल जाणं, न थांबणाऱ्या उलट्या, उतरलेला ताप पुन्हा चढणं किंवा फोडाभोवतीची कातडी लाल, गरम आणि दुखरी होणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नये. मुंबईत कस्तुरबा आणि पुण्यात नायडू ही पालिकेची रुग्णालयं खास सांसर्गिक रोगांसाठी आहेत. इतरत्र जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं.

सर्वात नाजूक घर म्हणजे जिथे बाळंतपण जवळ आलं आहे ते. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ उठला, तर बाळाला विषाणू मिळतो, पण आईची प्रतिकारशक्ती पोचलेली नसते. अशा बाळाला जन्मताच खास इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. गर्भवतीला लहानपणी कांजिण्या झालेल्या नसतील आणि ती रुग्णाजवळ आली असेल, तर फोडांची वाट न पाहता तिच्या डॉक्टरला कळवावं. तिलाही हेच इंजेक्शन संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत देता येतं.

या सगळ्यावर लस आहे, आणि तिच्या मुळाशी एका बापाची काळजी आहे. जपानचे मिचिआकी ताकाहाशी १९६४ मध्ये अमेरिकेत संशोधन करत असताना त्यांच्या लहान मुलाला कांजिण्या झाल्या. ताप चढला, श्वास अडू लागला. मूल वाचलं, बापाने मात्र याच विषाणूवर काम करायचं ठरवलं. ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडातला विषाणू त्यांनी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला आणि १९७४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जगातल्या बहुतेक लसी आजही त्याच ओका वाणाच्या आहेत. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात मात्र ही लस नाही. ती खासगी बालरोगतज्ज्ञांकडे पैसे मोजून घ्यावी लागते, म्हणून ज्यांच्या घरात दाटी जास्त त्यांच्यापर्यंतच ती कमी पोचते. सरकारने याचा पुनर्विचार करायलाच हवा. मुलाला पहिला डोस साधारण पंधराव्या महिन्यापासून; एकूण दोन. मोठ्यांनाही दोन, किमान चार आठवड्यांच्या अंतराने. रुग्णाशी संपर्क आल्यावर तीन, फार तर पाच दिवसांत घेतली तरी बऱ्याचदा बचाव होतो. लसीतला विषाणू जिवंत असल्याने गर्भवतीला ती देत नाहीत. मूल हवं असणाऱ्या स्त्रीने आधीच घ्यावी आणि नंतर महिनाभर गर्भधारणा टाळावी.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीर सोडत नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि म्हातारपणी किंवा शरीर खंगल्यावर नागीण होऊन उठतो. सायरेनसेस्टर या इंग्लिश गावातले डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये हे मांडलं. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, ही भीती खोटी आहे. फोड एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला येतात. आजोबांच्या नागिणीतून नातवाला कांजिण्या मात्र होऊ शकतात, म्हणून फोड झाकून ठेवावेत. इथेही औषधाची वेळ ठरलेली आहे: पुरळ उठल्यापासून ७२ तास. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावं.